स्टे मिळाला

"विचारून बघायला काय हरकत आहे," असं मी म्हणाले होते. एवढंच वाक्य. न्यू जर्सीतल्या एडिसनमधलं लेकीचं स्वयंपाकघर, परातीत डिंकाच्या लाडवांचं कोमट मिश्रण, कोपरापर्यंत तुपाचा वास आणि खिडकीबाहेर दोन दिवसांपूर्वीचं मळकं बर्फ. लेक फ्रिजवरच्या कॅलेंडरसमोर उभी होती. ओक ट्री रोडवरच्या किराणा दुकानानं फुकट दिलेलं कॅलेंडर, एकादश्या-चतुर्थ्या छापलेलं. १२ मार्चभोवती लाल गोल होता, तो जुना, आनंदाचा. आणि १९ फेब्रुवारीभोवती निळ्या बॉलपेनचा नवा गोल, जावयानं आदल्या रात्री केलेला. त्या चौकोनात बारीक अक्षरात शिवजयंती लिहिलेलं, पण गोल त्याच्यासाठी नव्हता. "आई, १९ ला ३७ आठवडे पूर्ण होतात," ती म्हणाली. "३७व्यात झालेली बाळं ठीक असतात ना गं?" मग जरा खालच्या आवाजात, "डॉक्टरांना विचारू का, आधीची तारीख देतील का म्हणून?" त्यावर मी ते वाक्य म्हणाले.

म्हणाले आणि पुढचा लाडू वळायला घेतला. तो वळला नाही, हातातच फुटला.

तारीख होती २१ जानेवारी २०२५. आदल्या संध्याकाळी नव्या राष्ट्राध्यक्षांनी शपथेनंतर पहिल्याच दिवशी २६ हुकूम काढले होते. आम्ही टीव्हीसमोर बसून ते बघत होतो. जाड काळं पेन, पानभर उमटणारी उभी उभी सही, फाईल उघडून धरायची, कॅमेऱ्याला दाखवायची, पुढची घ्यायची. मला आमच्या मुख्याध्यापकांची आठवण झाली. प्रगतिपुस्तकांवर सह्या करताना ते असेच खुलायचे. त्यातल्या एका फायलीत आमचं बाळ होतं. अमेरिकेत जन्मलेलं मूल जन्मानंच अमेरिकेचं नागरिक, हे यापुढे सरसकट चालणार नाही. आई तात्पुरत्या व्हिसावर असेल आणि बाप नागरिक किंवा ग्रीनकार्डवाला नसेल, तर त्या मुलाला सरकार नागरिक मानणार नाही. लागू कधीपासून, तर ३० दिवसांनंतर जन्मणाऱ्यांना. जावयानं बोटांवर मोजलं, मग फोनवर मोजलं, मग उठून कॅलेंडरवर गोल केला. बोललं कोणीच नाही. भांडी घासायच्या मशीनचा घुर्र आवाज तेवढा येत राहिला.

लोकांना वाटतं, बेकायदा घुसलेल्यांपुरतीच ही भानगड होती. माझी लेक काही कुंपणाखालून गेली नव्हती. दोघंही कागदोपत्री लख्ख, कर भरणारी, बर्फ पडलं की शेजारच्या म्हाताऱ्याच्या दारातलंही उपसून देणारी. फक्त ग्रीनकार्डच्या रांगेत उभी. ती रांग कशी असते हे मला तिथे गेल्यावर नीट कळलं. भारतात जन्मलेल्यांच्या त्यांच्या वर्गवारीत २०२५ सालच्या जानेवारीत २०१२ साली अर्ज केलेल्यांचा नंबर चालू होता. जावयाचा अर्ज त्याच्या कितीतरी नंतरचा. म्हणजे व्हिसा तात्पुरता, पण तात्पुरतेपण जन्मभराचं. त्यांचं घर भाड्याचं, सोफा आधीच्या कुटुंबाकडून घेतलेला, भिंतीला खिळा मारतानाही मालकाला विचारायचं.

पुण्यात ह्यांना फोन लावला. तिकडे सकाळ. चहाच्या कपाची बशी वाजल्याचा आवाज आला. आमच्या ह्यांची ३४ वर्षं दिवाणी कोर्टात लिपिक म्हणून गेली. त्यांना जगातल्या कुठल्याही संकटाची बातमी सांगा, पहिला प्रश्न ठरलेला: "निशाणी पाच टाकली का कोणी?" निशाणी पाच म्हणजे दाव्याबरोबर लावायचा तात्पुरत्या मनाईचा अर्ज. मी चिडले. म्हटलं, इथे पोरगी पोटात बाळ घेऊन कॅलेंडर मोजतेय आणि तुमचं काय. ते शांतपणे म्हणाले, "अगं, एवढा मोठा देश आहे. कोणीतरी गेलं असेलच कोर्टात. दोन दिवस थांब. आणि पोरीला म्हणावं, डॉक्टरला काही विचारू नकोस."

ते पाच हजार कोसांवरून ती गोष्ट बरोबर बोलले, जी मी हाताच्या अंतरावरून चुकीची बोलले होते. हे मला अजून बोचतं.

कोर्टात खरंच गेले होते. एक नाही, २२ राज्यं. त्यांतली चार सिअ‍ॅटलच्या कोर्टात, १८ बोस्टनच्या. बोस्टनवाल्यांत न्यू जर्सी पुढे होती, याचा आम्हाला उगाचच घरचा अभिमान वाटला. २३ तारखेला सिअ‍ॅटलमध्ये न्यायमूर्ती जॉन कॉगनर यांच्यापुढे सुनावणी झाली. ८३ वर्षांचे गृहस्थ, १९८१ साली रेगन यांनी नेमलेले. म्हणजे राष्ट्राध्यक्षांच्याच पक्षाच्या माणसाने आणलेले. सरकारी वकिलाला त्यांनी फार बोलू दिलं नाही. चार दशकांहून जास्त काळ मी या खुर्चीवर आहे, उत्तर इतकं स्पष्ट असलेलं दुसरं प्रकरण मला आठवत नाही, हा हुकूम उघडउघड घटनाबाह्य आहे, असं ते म्हणाले. आणि १४ दिवसांसाठी थांबवला. साऱ्या देशापुरता.

जावयाचा ऑफिसमधून फोन आला. "आई, स्टे मिळाला!" मराठीत सांगितलं त्यानं, पण शब्द तोच. जगात कुठेही गेलं तरी आपल्या माणसाला मनाई हुकूम, स्थगिती वगैरे आठवत नाही. स्टे मिळतो, नाहीतर स्टे उठतो. लेक पलंगावर पडली होती, डाव्या कुशीवर, दोन उशांच्या मध्ये. तिनं डोळे मिटून घेतले. मी देवापुढे साखर ठेवली. आणि साखरेची वाटी ठेवता ठेवता माझा हात थबकला. आमच्या घरात ह्या शब्दासाठी याआधी कधी साखर ठेवली गेली नव्हती. शिव्याच दिल्या गेल्या होत्या.

मी मालकाची मुलगी. नारायण पेठेतला आमचा वाडा, दोन चौकांचा, मागच्या चौकात सात बिऱ्हाडं. त्यातल्या एका बिऱ्हाडावर वडिलांनी १९७४ साली दावा लावला. स्वतःच्या गरजेसाठी खोल्या हव्या होत्या, आणि खरंच हव्या होत्या. आम्ही सहा जण दीड खोलीत झोपायचो. वडील दावा जिंकले. हुकूमनामा झाला, तो अमलात आणायची दरखास्त झाली, एके दिवशी कोर्टाचा बेलिफ दारात आला. मागच्या चौकातल्या काकूंनी हात पदराला पुसले, आत गेल्या आणि एक कागद घेऊन बाहेर आल्या. स्टे. वरच्या कोर्टानं दिलेला. बेलिफनं तो वाचला, मान हलवली, पाणी मागितलं, प्यायला आणि गेला. वडील ओसरीवर उभे होते. त्यांच्या चेहऱ्यावर पराभव नव्हता. नळ सोडला आणि त्यातून नुसतीच हवा आली, तर जसं होईल तसं काहीतरी होतं.

त्या कागदावर ते कुटुंब पुढची किती वर्षं राहिलं असेल? माझं लग्न झालं, तरी ते तिथेच. त्यांच्या मुलाची दहावी झाली, मुलीचं लग्न ठरलं, मांडव आमच्याच चौकात पडला आणि वडिलांनी अक्षता टाकून आहेर केला. दुसऱ्या दिवशी तारखेला गेले. "स्टे म्हणजे निकाल नव्हे" हे वाक्य मी लग्नाआधी वडिलांच्या तोंडून संतापानं ऐकलं आणि लग्नानंतर ह्यांच्या तोंडून शांतपणे. तेव्हा मला काकूंचं एकच नवल वाटायचं. त्या रोज सकाळी त्या वादातल्या खोल्यांपुढे रांगोळी घालायच्या. उंबरठ्यावर गेरू, त्यावर आठ ठिपके आठ ओळी. जी खोली आपली राहील की नाही ठाऊक नाही, तिच्यासमोर कोण इतकी निगुतीनं रांगोळी घालेल? मी आईला एकदा विचारलंही होतं. आई म्हणाली, "मग काय करील? वाट बघत नुसती बसेल?"

एडिसनला लेकीनं बाळाची खोली रंगवायला घेतली, फिकट पिवळी. मालकाची परवानगी काढून. ६ फेब्रुवारीपर्यंत तो १४ दिवसांचा स्टे दावा संपेपर्यंतचा झाला होता. मेरिलँडमध्ये न्यायमूर्ती डेबोरा बोर्डमन यांनी एक दिवस आधीच, सिअ‍ॅटलमध्ये कॉगनर यांनी पुन्हा, मग बोस्टनला न्यायमूर्ती लिओ सोरोकिन यांनी १३ तारखेला. आमच्या ह्यांनी या सगळ्यांची वहीत नोंद ठेवली, तारीख, कोर्ट, हुकूम, शेरा. शेऱ्यात एका ठिकाणी लिहिलंय, "से ठीक नाही." म्हणजे सरकारनं दाखल केलेलं म्हणणं त्यांना पटलेलं नव्हतं.

ते म्हणणं होतं तरी काय? मी २८ वर्षं शाळेत नागरिकशास्त्र शिकवलं. इतिहासाच्या शेपटीला बांधलेलं, ज्याचा तास पीटीला दिला तरी कोणी तक्रार करत नाही, ते. कायदेमंडळ, कार्यकारी मंडळ, न्यायमंडळ, फळ्यावर तीन चौकोन आणि मध्ये बाण. तेव्हा बाण काढताना हात जरा तिरका गेला तरी चालायचा. अमेरिकेच्या घटनेत १८६८ साली १४वी दुरुस्ती झाली. यादवी युद्ध नुकतंच संपलं होतं, आणि गुलामांच्या वंशजांना नागरिक होताच येत नाही असं त्याच देशाच्या सुप्रीम कोर्टानं १८५७ साली सांगून ठेवलं होतं. ते पुसायला ती दुरुस्ती. अमेरिकेत जन्मलेले आणि तिच्या अधिकारक्षेत्रात असलेले सगळे नागरिक. भांडण त्या 'अधिकारक्षेत्रात असलेले' या शब्दांचं. सरकार म्हणत होतं, तात्पुरते आलेले त्यात पुरते येत नाहीत. मग मला प्रश्न पडला की अधिकारक्षेत्रात नसलेल्या माझ्या जावयाला वेग मर्यादा ओलांडल्याचा दंड कोणत्या अधिकारात झाला होता?

हा प्रश्न सव्वाशे वर्षांपूर्वी एका स्वयंपाक्यानं सोडवून ठेवला होता. वाँग किम आर्क, १८७३ साली सॅन फ्रान्सिस्कोत जन्मलेला, आई-वडील चिनी. चीनला जाऊन १८९५ साली परत आला तर बंदरातच अडवला. तू इथला नाहीस. चिन्यांना येऊच न देण्याचा कायदा तेव्हा जोरात होता. हा माणूस काही महिने एका जहाजावरून दुसऱ्या जहाजावर, आपल्याच जन्मगावचा किनारा बघत राहिला. त्या बिचाऱ्याला काय खायला मिळत असेल, हे माझ्या डोक्यात पहिल्यांदा आलं. स्वतः स्वयंपाकी ना. १८९८ साली सुप्रीम कोर्टानं सहा विरुद्ध दोन असा निकाल दिला: हा जन्मानं नागरिक आहे. तेव्हापासून ते दार उघडं होतं आणि त्याच दारातून ओक ट्री रोडवरच्या निम्म्या गर्दीची पोरं आत गेली होती.

पण कोर्ट म्हणजे देऊळ नव्हे, हेही त्याच वाचनात कळलं. याच सुप्रीम कोर्टानं १९२३ साली भगतसिंग थिंड यांना सांगितलं, की हिंदी माणूस गोरा नव्हे, म्हणून तो नागरिक होऊ शकत नाही. त्यानंतर सरकारनं आधीच नागरिकत्व मिळालेल्या हिंदी लोकांवर दावे लावले. थिंड यांच्या वकिलाचं नाव वाचून मी चमकले: सखाराम गणेश पंडित. नाव कसं, अगदी आमच्या पेठेतल्या पाटीवरचं. पण माणूस जन्मला अहमदाबादला. अशील हरला आणि मग सरकार वकिलाच्याच मागे लागलं. पंडितांनी स्वतःची बाजू मांडली. तुम्हीच मला नागरिकत्व दिलंत, मी त्या भरवशावर इथे वकिली केली, घर केलं, आता कसं काढून घेता? १९२६ साली ते वरच्या कोर्टात जिंकले आणि पुढच्या वर्षी सुप्रीम कोर्टानं त्यात हात घातला नाही. हे मी पहाटे तीन वाजता फोनवर वाचत होते. बाळंतपणाला आलेल्या आईला झोप कुठली. बाहेर रस्त्यावर मीठ टाकणारी गाडी पिवळा दिवा फिरवत गेली, भिंतीवर तो उजेड सरकला, गेला.

१९ फेब्रुवारी आला. जावयानं फोनवर पोवाडा लावला, मी शिरा केला, लेकीनं फ्रिजकडे बघायचं टाळलं. दिवस गेला. न्यू जर्सीतल्या एका डॉक्टरबाईंकडे वेळेआधी सिझेरियन करून द्या म्हणून आपल्याकडची जोडपी विचारणा करतायत, अशी बातमी मधल्या काळात आली होती. मी ती लेकीसमोर वाचली नाही. तिनं तिच्या डॉक्टरांना विचारलं होतं की नाही? मी तेव्हाही विचारलं नाही, नंतरही नाही. ती तपासणीला जायची तेव्हा मी गाडीत बसून राहायचे, हीटर लावून. ११ मार्चला, कोणाच्याही तारखेला न जुमानता, आमची नात आली. दोन किलो नऊशे. केस काळेभोर, कपाळावर गर्भातली लव. परिचारिकेनं एक फॉर्म दिला आणि जावयानं त्यावर शांतपणे, प्रत्येक अक्षर सुटं सुटं काढत, जन्मस्थळ लिहिलं.

पासपोर्टच्या फोटोचा किस्सा सांगायलाच हवा. तान्ह्या बाळाचा फोटो, पांढरी पार्श्वभूमी, आणि फोटोत दुसऱ्या कोणाचा हात दिसता कामा नये. दोन महिन्यांच्या बाळाची मान धरायची कशी मग? शेवटी मला पांढऱ्या चादरीखाली बसवलं आणि मी चादरीतून तिचं डोकं धरलं. सतरा फोटो काढले. त्या पासपोर्टवर माझी नात आहे आणि तिच्या मागे, न दिसणारी, मी आहे. नाकात चादरीचा साबणाचा वास, अजून येतो.

आता एक गोष्ट, जी मला बरेच दिवस लिहायची नव्हती. आम्ही सगळे तेव्हा छाती काढून म्हणत होतो, घटनेनं दिलेलं एका सहीनं कसं काढतात? मे महिन्यात एकदा लेकीची मैत्रीण आली होती. बोलता बोलता म्हणाली, "पण काकू, आम्हाला मिळालेलंही सहीवरच आहे." खरं होतं. एच-फोर, म्हणजे नवऱ्याच्या नोकरीच्या व्हिसामागून मिळणाऱ्या व्हिसावर आलेल्या बायका पूर्वी नोकरी करू शकत नव्हत्या. डिग्र्या कपाटात ठेवून भाज्या चिरत बसायच्या. २०१५ साली ओबामांच्या सरकारनं नियम बदलला आणि त्यातल्या काही जणींना कामाची परवानगी मिळाली. माझ्या लेकीची पहिली नोकरी त्याच नियमावरची. तो नियम संसदेनं केलेला नव्हता, खात्यानं केला होता. त्याविरुद्धही लोक कोर्टात गेले होते: सरकारला हा अधिकार आला कुठून? कोर्टांनी तो नियम टिकू दिला, म्हणून बरं. त्या वेळी मी पुण्यात पेढे वाटले होते. सरकारला हा अधिकार आला कुठून, हे मी, नागरिकशास्त्राची बाई, पेढे वाटताना विचारलं नव्हतं. आणि त्याच वर्षी, २०१५ च्या फेब्रुवारीत, टेक्सासमधल्या एका न्यायाधीशानं ओबामांचा दुसरा मोठा कार्यक्रम, कागद नसलेल्या लाखो आई-बापांना दिलासा देणारा, असाच साऱ्या देशापुरता थांबवला होता. तिथल्या घरांतही कोणीतरी कॅलेंडरवर गोल केले असतील. तो स्टे मी वर्तमानपत्रात वाचलाही नव्हता.

आणि आपलं? मी १९६१ची. भारतात जन्मले, एवढ्यावर भारताची. माझी लेक १९९१ची. तिच्या वेळी नियम बदलला होता. १ जुलै १९८७ पासून आई-बापांपैकी एक तरी भारतीय असावं लागतं. आम्ही दोघंही होतो, म्हणून आम्हाला कळलंही नाही की एक दार बंद झालंय. ३ डिसेंबर २००४ पासून दुसरा पालक बेकायदा आलेला असेल तर तेही पुरत नाही. म्हणजे ज्या गोष्टीसाठी मी एडिसनला साखर ठेवली, ती माझ्या देशात आज कुणाच्याच बाळाला नुसत्या जन्मावर मिळत नाही. फरक एवढाच, की आपल्याकडे ते संसदेनं केलं, मतदान घेऊन. एका रात्रीत, जाड पेनानं नाही. ह्यांना हा फरक फार मोठा वाटतो. मला दिवसागणिक वेगवेगळा वाटतो. नारायण पेठेत मी मालकाची होते, एडिसनला भाडेकरूची झाले, पुण्याला परतले की परत मालकीण.

सहीची हौस आपल्याकडेही काही कमी नाही. ह्यांचं लाडकं उदाहरण वाधवांचं, आणि ते पुण्याचं आहे म्हणून तर जास्तच लाडकं. गोखले इन्स्टिट्यूटमधले अर्थशास्त्राचे संशोधक डी. सी. वाधवा बिहारमधल्या जमिनीच्या कायद्यांचा अभ्यास करत होते. त्यांना दिसलं, की कायदे आहेतच कुठे, सगळे अध्यादेश आहेत. विधानसभा भरली की सहा आठवड्यांत अध्यादेश मरतो. बिहारमध्ये तो मरायच्या आत पुन्हा काढायचे, तसाच, शब्दही न बदलता. १९६७ ते १९८१ मध्ये असे २५६ अध्यादेश, काही १४ वर्षं जिवंत ठेवलेले. वाधवांनी एकेक मोजला, पुस्तक लिहिलं आणि सुप्रीम कोर्टात गेले. सरकारचं म्हणणं, याचा काय संबंध, हा तर पुण्याचा प्राध्यापक. २० डिसेंबर १९८६ ला पाच न्यायमूर्तींनी सांगितलं, संबंध आहे, आणि हे घटनेशी केलेलं कपट आहे. वर त्यांना दहा हजार रुपये खर्च देवविला. हे दर वेळी ही गोष्ट सांगताना बोटं मिटून उघडतात, जणू त्या २५६ गोष्टी त्यांनीच मोजल्या. "पुराभिलेखात धूळ खात बसणारा एक माणूस," म्हणतात. मला वाटतं त्यांना त्यात स्वतःसारखा कोणीतरी दिसतो.

जूनमध्ये मी परतले. पालख्या पुण्यातून पुढे गेल्या होत्या, रस्त्यावर तुळशीची पानं आणि चिखल. २७ जूनच्या रात्री लेकीचा मेसेज आला: सुप्रीम कोर्टानं तो साऱ्या देशापुरता स्टे देण्याचा प्रकारच बंद केला. सहा विरुद्ध तीन. निकाल न्यायमूर्ती एमी कोनी बॅरेट यांचा. मूळ हुकूम घटनेत बसतो की नाही, यावर शब्द नाही. फक्त एवढंच, की खालच्या न्यायाधीशांनी दाद मागणाऱ्याला दाद द्यावी, अख्ख्या देशाला नको. हुकूम ३० दिवस तसाच थांबेल. नंतर जिथे दावा नाही तिथे लागू होऊ शकेल. ह्यांनी चष्मा कपाळावर ढकलला. "तसं चूक नाही म्हणता यायचं," म्हणाले. "ज्यानं दावा लावला त्याला दाद. आपल्या दिवाणीत तेच शिकलोय आपण." मी त्यांच्याकडे असं पाहिलं की ते उठून पाणी आणायला गेले. कारण आमची पुतणी टेक्सासला होती. तिचे दिवस ऑगस्टमध्ये भरत होते. टेक्सास काही त्या २२ राज्यांत नव्हतं.

म्हणजे एकाच घरातल्या दोन बहिणी, दोघी तशाच व्हिसावर, दोघींच्या पोटात तसंच बाळ. एकीचं न्यू जर्सीत झालं म्हणून नागरिक. डेलावेअर नदी ओलांडून पेनसिल्व्हेनियात झालं असतं तरी जूनच्या निकालानंतर शंका. आमच्या वाड्यात पुढच्या चौकात एक कायदा आणि मागच्या चौकात वेगळा कायदा असता तर कसं, तसं.

ह्यांचा त्या आठवड्यातला अभ्यास निराळाच होता. त्यांना १९५२ चं एक प्रकरण सापडलं. कोरियाचं युद्ध चालू, पोलादाच्या गिरण्यांत संप होणार, म्हणून ट्रुमन यांनी एका हुकमानं गिरण्याच ताब्यात घेतल्या. दोन महिन्यांच्या आत सुप्रीम कोर्टानं तो हुकूम मोडला, सहा विरुद्ध तीन. मोडणाऱ्यांत ट्रुमन यांनी स्वतः नेमलेले दोघं होते. ट्रुमन चिडले, पण गिरण्या परत दिल्या. मग न्यायमूर्ती ब्लॅक यांनी त्यांना घरी बोलावलं. ट्रुमन म्हणाले, तुझा कायदा मला फारसा आवडला नाही, पण ही बर्बन मात्र झकास आहे. असं न्यायमूर्ती डग्लस यांनी लिहून ठेवलंय. ह्यांना ती बर्बन फार आवडली. मला मात्र सारखं वाटत राहिलं, की गोष्टीतली खरी गंमत दारूत नाही, गिरण्या परत दिल्या त्यात आहे. कोर्टाकडे पोलीस नाहीत, फौज नाही, तिजोरी नाही. एक कागद. काकूंनी हात पदराला पुसून आणलेला. बेलिफनं तो वाचून मान हलवली म्हणून तो कागद. नाहीतर?

गुरुपौर्णिमेला, १० जुलैला, न्यू हॅम्पशरचे न्यायमूर्ती जोसेफ लाप्लांट यांनी वाट काढली. सुप्रीम कोर्टाचा निकाल आला त्याच दिवशी काही आई-बापांनी त्यांच्या कोर्टात नवा दावा लावला होता, स्वतःसाठी आणि आपल्यासारख्या सगळ्या बाळांसाठी. ह्यांनी टेबलावर थाप मारली. "प्रातिनिधिक दावा! हा रस्ता उघडाच होता." लाप्लांट यांनी त्या सगळ्या बाळांचा एक वर्ग मानला, टेक्सासमधल्या न जन्मलेल्यासुद्धा, आणि हुकूम पुन्हा थांबवला. आणि ५ डिसेंबरला मूळ प्रश्नच सुप्रीम कोर्टानं ऐकायला घेतला. ह्यांच्या वहीत त्या दिवसापुढे लिहिलंय, "मूळ दावा बोर्डावर."

पण माझ्या मनात राहिलाय तो जुलैमधला एक फोन. निकाल आणि लाप्लांट यांच्यामधले ते तेरा दिवस. टेक्सासला सकाळ असावी, पुतणीच्या मागे कुकरची शिट्टी ऐकू येत होती. इकडचं तिकडचं झालं, पाय सुजतात म्हणाली, जिना चढवत नाही म्हणाली. मग थांबली. कुकरची आणखी एक शिट्टी झाली.

"काकू, खरं सांग. ताईनं तेव्हा डॉक्टरांना विचारलं होतं का गं? आधीची तारीख?"

बाहेर पाऊस लागला होता. पागोळ्या गॅलरीतल्या बादलीत पडत होत्या. मी म्हटलं, "डिंक पोचला का तुझ्याकडे? कुरियरनं पाठवलाय. तुपात फुलवताना गॅस बारीक ठेव, नाहीतर आतून कच्चा राहतो."

"पोचला," ती म्हणाली.

"मग आजच करून ठेव," मी म्हटलं.